फाटकी नोट, कोरी नोट

अक्का,

आधी अक्षराची माफी मागते. ओळी खाली घसरतात, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत समजलं नाही ते आजपर्यंत नाही. पाचवीची शाळा सोनपेठला होती. एसटीत एकटीनं बसायची लाज वाटायची म्हणून मी शाळा सोडली. हे फक्त तुला माहीत होतं. बाकीच्यांना अजून वाटतं की बाबांनीच सोडवली.

हे कागद मी सोनीकडून मागून घेतले. दादाची पोरगी खरी, पण कॉलेजसाठी तुझ्याकडे मानवतला राहून निम्मी तुझीच झालेली. ती म्हणाली, "आत्या, तुला कागद कायला लागायलेत?" मी म्हटलं, शेवयांची गिऱ्हाइकं लिहून ठेवायचीत. तिनं आणखी विचारलं नाही. माणूस गेल्यावर त्याच्याशी बोलत बसलेल्या बाईला लोक काय म्हणतील, म्हणून लिहिते. लिहिताना आवाज होत नाही.

तू असताना तरी मी तुझ्याशी कुठं बोलले? तू बोलायचीस, मी हूं म्हणायचे. नांदेडच्या दवाखान्यात जायचं असलं की तू मानवत रोडहून गाडीनं यायचीस, मी जिंतूरहून एसटीनं, आणि परभणीच्या स्टेशनात आपण भेटायचो. केस गेलेलं डोकं पदरानं घट्ट बांधून तू बाकड्यावर बसलेली असायचीस. लांबून मला बघितलं की अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणायचीस, "आली गं बाई माझी बोलकी!" लोक वळून बघायचे आणि मी जमिनीत जायचे. मग तू पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढायचीस. आजारी तू होतीस, आणि डबा माझ्यासाठी आणायचीस. मी एकदाही आणला नाही. आता कुठल्याही स्टेशनात बाकडं दिसलं की मला ते आठवतं.

पहिली गाठ निघाली तेव्हा आपल्याबरोबर दादा होता. डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला हा आजार होता का?" दादा छाती पुढं काढून म्हणाला, "न्हाई साहेब. आमच्या घरात कुनालाच न्हाई." तूही मान हलवलीस, मीही हलवली. आपण तिघंही खोटं बोललो नाही. कौसा आत्या आपल्याला आठवली नाही असंही नाही. ती मोजण्यातच नव्हती. बाबांची सख्खी बहीण, पण दिलेली लेक. लग्नात तिचं गोत्र बदललं, नाव बदललं. ती गेली तेव्हा आपल्याकडे सुतकसुद्धा पुरतं पाळलं नव्हतं. तिचा आजार म्हणजे सेलूकडच्या तिच्या सासरचा आजार. आपल्या घराचा त्याच्याशी काय संबंध?

पुढं काही वर्षांनी तुझ्या दुसऱ्या बाजूला गाठ आली, तेव्हा डॉक्टरांनी आपल्याला घराण्यातून येणारे आजार बघणाऱ्या त्या मॅडमकडे पाठवलं. वय लहान, बोलणं हळू. मॅडमनी कोऱ्या कागदावर आपलं घर काढलं. बाया म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, आणि गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. बाबांच्या चौकोनावर रेघ मारताना त्या थांबल्या आणि आधी तुझ्याकडे बघितलं. मला ते बरं वाटलं.

"वडलांना बहीण होती?"

"होती की," तू म्हणालीस. "पर ती दिलेली. त्येंच्या घरची."

"कशानं गेल्या त्या?"

"सासरीच कायतरी झालं म्हने. लय वर्षं झाली."

तेव्हा मी बोलले. कसं बोलले, मला आजही कळत नाही. मी म्हटलं, "छातीत गाठ होती. फुटली होती."

तू वळून माझ्याकडे असं बघितलंस, जशी खुर्चीच बोलली.

पंचमीला आत्या माहेरी आली होती. न्हाणीत मी तिला पाण्याची घागर नेऊन दिली, तेव्हा बघितलं होतं. हळद भरलेलं फडकं, आणि त्या हळदीतूनही येणारा वास. आत्या म्हणाली होती, "जा, भाईर जा. आन कुनाला सांगू नगं." मी सात-आठ वर्षांची असेन. सांगितलं नाही. मला कुणी विचारलंच नाही कधी. त्या मॅडम पहिल्या.

मॅडमनी बाबांच्या शेजारी एक गोल काढला, त्यात आजाराचं काळं भरलं आणि म्हणाल्या, "अक्का, लग्नात गोत्र बदलतं. रक्त नाही बदलत."

तू इतक्या मोठ्यानं हसलीस की बाहेरची नर्स डोकावली. "म्हंजे पोरगी दिली तरी रक्त माहेरातच ऱ्हातंय म्हना की! हे आमच्या बामनाला सांगा!"

मग तुझं रक्त हैदराबादला गेलं. रिपोर्ट आला, त्यात बदल सापडला. तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते. लिहिलं की माझं मला नीट समजतं.

मॅडम म्हणाल्या, शरीरात खराब झालेलं दुरुस्त करणारी जी गोष्ट असते, तिची प्रत्येकात जोडी असते. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. बाबांच्या जोडीतली एक बिघडलेली असणार, कौसा आत्यासारखीच. बाबांना त्याचा कधी त्रास झाला नाही. पुरुषाला धोका अगदीच नसतो असं नाही, पण बाईला फार जास्त. बाबांनी प्रत्येक लेकराला जोडीतली एक दिली. कुणाला कुठली, ते बाबांनाही माहीत नाही.

तू मग म्हणालीस, "म्हंजे बाबाच्या खिशात दोन नोटा. एक कोरी, एक फाटकी. न बघता खिशात हात घातला आन माझ्या हातावर फाटकी ठिवली."

"तसंच समजा," मॅडम म्हणाल्या.

"फाटकी नोट ब्यांकेत बदलून मिळती की."

"ही नाही मिळत. पण कुणाकडे फाटकी आहे ते कळलं, तर लक्ष ठेवता येतं. गाठ लहान असताना सापडते. कधीकधी होण्याआधीच उपाय करता येतो. फाटकी असली म्हणजे आजार झालाच असं नाही. होण्याची शक्यता जास्त, एवढाच त्याचा अर्थ."

"पर मला तर झालाय. मग ह्या कागदाचा मला काय फायदा?"

मॅडमनी उगाच गोड बोलून दाखवलं नाही. म्हणाल्या, "एक औषध देता येईल का ते यावरून ठरवता येईल. बाकी उपयोग तुमच्या मागच्यांना."

"म्हंजे मी इंजिन," तू माझ्याकडे बघून म्हणालीस. "डबे मागं."

तुला लेकरू नव्हतं. तुझे डबे म्हणजे मी आणि दादा, आणि दादाच्या मागं सोनी आणि मनी. माझ्या मागं माझा अमोल. मॅडमनी सांगितलं, आधी बहिणीचं आणि भावाचं बघा. ज्याच्यात सापडणार नाही, त्याच्या लेकरांना हे त्याच्याकडून जाणार नाही. त्यांना तपासायची गरजच नाही. ज्याच्यात सापडेल, त्याच्या लेकरांना निम्मी शक्यता, आणि ती त्यांची त्यांनी मोठं झाल्यावर ठरवून बघायची.

मला तपासणी नको होती. तू मानवतच्या घरी पाट्यावर चटणी वाटत होतीस, डॉक्टरांनी हातावर ताण देऊ नको म्हटलेलं असताना. तेव्हा मी म्हटलं, "कळून काय करू? भ्याच वाटंल नुसतं." तू वरवंटा थांबवला नाहीस. "आता काय वाटायलंय मग? गोड वाटायलंय?" मी पैशाचं कारण पुढं केलं. तुझ्यात सापडलेला तेवढा एकच बदल बघायचा म्हणून माझी तपासणी तुझ्यापेक्षा स्वस्त होती, पण आमच्या घरी ते थोडे नव्हते. तू उठलीस, हात धुतलेस आणि बचत गटातून उचललेले पैसे रुमालात बांधून माझ्या पिशवीत टाकलेस. मी म्हटलं, परत करीन. तू म्हणालीस, "बघू."

रक्त द्यायच्या आधी मॅडमनी तुला बाहेर बसायला सांगितलं. तुला राग आला होता, मला माहीत आहे. आत काय झालं ते तू किती वेळा विचारलंस आणि मी सांगितलं नाही. आता सांगते. मॅडमनी मला विचारलं, "शांताताई, तुम्हाला स्वतःला हे कळून घ्यायचंय का? अक्का म्हणतात म्हणून नाही. नको असेल तर आत्ता उठून जाता येतं, कुणी रागावणार नाही." अक्का, माझं लग्न ठरलं, मूल बंद करायचं ऑपरेशन झालं, मला कुणी असं विचारलेलं आठवत नाही. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "सापडलं तर काय कराल?" मी म्हटलं, अक्काला सांगेन. "आणि नाही सापडलं तर?"

अक्का, सापडलं असतं तर तुला सांगणं सोपं होतं, बघ. आपण दोघी एका बाकड्यावर. नाही सापडलं तर तुला कुठल्या तोंडानं सांगू?

नाहीच सापडलं.

मॅडमनी वाचून दाखवलं तेव्हा तू शेजारीच होतीस. तू टाळी वाजवलीस. दवाखान्यात, कॅन्सरच्या वार्डाजवळ, टाळी. म्हणालीस, "कोरी! माझ्या शांतीला कोरी दिली बाबानं!" मी रडायला लागले आणि तुला वाटलं आनंदानं रडते. निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं तुला कधी सांगितलं नाही. मला वाटत होतं की बाबांनी खिशात हात घातला तेव्हा मी तुझ्या हातातलं ओढून घेतलं. मला ठाऊक आहे की तसं नसतं. प्रत्येक लेकराची वेळ वेगळी. तरी वाटत होतं.

आणि तू मानवतला जाऊन गल्लीत पेढे वाटलेस आणि सांगत सुटलीस की माझ्या बहिणीला आता कॅन्सर होणारच न्हाई. पुढच्या खेपेला मॅडमनी तुला थांबवलं. "तसं नाही अक्का. घराण्यातला तो बदल यांच्यात नाही, एवढंच कळलं. बाकी कुठल्याही बाईला जेवढा धोका, तेवढा यांनाही आहे. तपासत राहायचं." तू नाक मुरडलंस. "तुमी बी मॅडम, सणाच्या दिवशी खारट." पण परतीच्या गाडीत मला दोनदा म्हणालीस, "ऐकलं ना गं? तपासत ऱ्हायचं." मी राहते आहे, अक्का. सरकारी दवाखान्याची आशाताई तपासणीचं विचारायला येते तेव्हा मी आता घरात पळत नाही.

मग दादाचं राहिलं. तुझं-माझं भांडण म्हणायचं तर तेवढंच एक झालं, आणि ते अर्ध्यावर राहिलं. पैसे परत द्यायला मी पहिल्यांदा आले तेव्हा तू हात मागं घेतलास. "मला नगं देऊ. तुझ्या दिगूदादाला घेऊन जा नांदेडला, आन त्याच्या तपासणीला भर. तवा फिटले."

"अक्का, तू सांग त्याला. तू मोठी हायेस."

"मी सांगून दमले. मला म्हनतो, तू आजारी हायेस, तुला सगळीकडं आजारच दिसायलाय. तुझं निघालं कोरं. तू सांगितलं तर ऐकंल."

"मला न्हाई जमत दादाशी बोलायला."

"मग कवा जमंल? मी मेल्यावर?"

मी उठून चुलीकडे गेले. तू पुन्हा विषय काढला नाहीस, मीही नाही. उन्हाळ्यात शेवयांचं मशीन चालवून आलेले पैसे मी डब्यात टाकत राहिले, आणि डबा भरला तरी बोलले नाही. मग तू गेलीस.

दहाव्याला गोदावरीच्या काठावर भाऊजींनी पिंड ठेवला. आम्ही बायका लांब उभ्या होतो. कावळा लगेच आला. कुणी काही बोलायच्या आत आला, शिवला आणि गेला. सगळ्यांना बरं वाटलं. दादा डोळे पुसून म्हणाला, "अक्काचं काय सुदिक मागं ऱ्हायलं न्हाई." माणसं हो हो म्हणाली. मी तिथंच उभी होते. मनात म्हटलं, कावळ्याला काय माहीत. तू प्रत्येक गाडी वेळेच्या आधी गाठणारी. तुला घाई असणार.

गोडाच्या जेवणाच्या दिवशी माणसं तुझ्या ओसरीवर सुपारी कातरत बसली होती. सोनीच्या स्थळाचं बोलणं चाललं होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तांब्या ठेवला आणि परत फिरले नाही. दादा म्हणाला, "काय गं?"

मी म्हटलं, "दादा, अक्काचं एक ऱ्हायलंय."

त्याला कळलं मी कशाविषयी बोलते आहे. "शांते, ही येळ हाय का? आन माझं काय तपासायचं? मी गडीमानूस."

"बाबा बी गडीच होते."

"आगं, दोघी भैनीत जिला यायचं तिला आलं. तू कोरी निघालीस. अक्कानं नेलं सगळं संगं. आता घरात काय ऱ्हायलं न्हाई."

त्याला खरंच तसं वाटत होतं, अक्का. एकीला मिळालं म्हणजे वाटून संपलं. हट्ट नव्हता तो, त्यानं स्वतःला दिलेला धीर होता. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, पयली सोनी झाली म्हनून दुसऱ्यांदा पोरगाच झाला का? मनीच झाली ना? दर लेकराला नवा हिशोब असतोय."

दाराआडून वहिनीचं हसू ऐकू आलं, पदर तोंडात धरलेलं. तुझ्या चुलत सासऱ्यांनी सुपारी चघळायची थांबवली. दादा लाल झाला. मला वाटलं आता ओरडतो. पण तो हळू आवाजात म्हणाला, "आन निघालं तर? सोनीचं लगीन कोन करंल?"

म्हणजे मुळात ते होतं. गडीमाणूस-बिडीमाणूस काही नाही. भीती.

मी म्हटलं, "निघालं तर सोनीला कळंल की जपून ऱ्हायचं. न्हाई निघालं तर सोनी मोकळी. कौसा आत्याला कुनी सांगितलं असतं, तर तिनं फडकं बांधून पंचमीचा झोका खेळला नसता. मी बी सोनीची आत्याच हाय, दादा. दिलेली आसंन. पर हाय."

एवढं मी सलग आयुष्यात बोलले नव्हते. आत जाऊन तुझ्या पाट्याजवळ बसले. संध्याकाळी दादा निघताना चपला घालत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बुधवारी जमंल का तुला?"

तर आज बुधवार झाला. परभणीच्या स्टेशनात मी आधी पोहोचले. त्याच बाकड्यावर बसले. डबा मी नेला होता, भाकरी आणि चटणी. चटणी तुझ्यासारखी झाली नाही, तिखट जास्त पडलं. दादानं खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढत.

मॅडमनी त्याला आत नेलं आणि मला बाहेर बसवलं. तेव्हा कळलं तुला किती राग आला असेल. तो बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा दंडावर कापूस होता, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "त्यांनी मला इचारलं, तुमाला कळून घ्यायचंय का. मी हो म्हनलो." मला कौतुकानं सांगत होता, लहान असल्यासारखा.

रिपोर्ट यायला काही आठवडे लागतील. कोरी की फाटकी, मला माहीत नाही, आणि आज मी त्याचा विचार करत नाही. काहीही येवो, आपल्याला त्याचा अर्थ माहीत आहे. आत्याला तो नव्हता. तुला तो उशिरा मिळाला.

पैसे भरायच्या खिडकीशी दादानं पाकीट काढलं. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "तू नगं. हे अक्काचे हायेत." त्यानं पाकीट परत खिशात ठेवलं. मी तुझा रुमाल सोडला, तोच, तू माझ्या पिशवीत टाकलेला. खिडकीतल्या बाईनं नोटा मोजल्या, शिक्का मारला आणि पावती माझ्या हातात दिली.

अक्का, तुझे पैसे फिटले. सगळे.